वरच्या विहिरीची मोजणी

१९ जानेवारी १९९४, वडूज

आज बेटवाडी पाहिली. नऊ वर्षं हे नाव डोक्यात आहे. प्रत्यक्ष पाहायला दीड तास पुरला.

मोजमापं आधी. टेकाडाचा माथा तलावाच्या सांडव्यापेक्षा अकरा मीटर उंच. घरं एक्केचाळीस, माणसं दोनशे साठ. आत्ता निम्मीच आहेत, कारण दिवाळीनंतर बापे मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात ते जेठात परततात. बहात्तरच्या दुष्काळी कामावर खालचा तलाव झाला. तेव्हापासून श्रावण ते फाल्गुन वाडीच्या चारी बाजूंना पाणी असतं आणि वैशाखात चारी बाजूंना भेगाळलेला गाळ. पाणी खालच्या गावांच्या बागायतीचं आहे, वाडीनं ते उचलायचं नाही असा आदेश आहे. उचललं तरी पिण्याजोगं नाही. शेवाळ आणि म्हशी.

ये-जा गुळाच्या जुन्या काहिलीतून, म्हणजे रस आटवायच्या पसरट लोखंडी कढईतून. धुळा नावाचा माणूस ती वल्हवतो. यंदा पाय मोडल्यानं मेंढरांमागे गेलेला नाही. म्हणाला, "म्याडम, मधी बसा. कडंला बसलात तर काहील उलाटती आन् सरकारी कागुद माशे वाचत्यात."

माझं काम: वरची विहीर वाडीला पुरेल का याचा अहवाल. पुरत असेल तर जुनी नळयोजना दुरुस्त होईल. नसेल तर वाडी उठवून सडकेकडेच्या गायरानात न्यायची. ते गायरान येताना पाहिलं. मुरूम आहे, गवत नाही. तिथं मेंढरं दोन वर्षं टिकणार नाहीत.

खरं काम इथंच लिहिते. १४ डिसेंबर १९८३ला या विहिरीची मोजणी बाबांनी केली. त्यांच्या आकड्यावर नळयोजना झाली. ती सुरू झाल्यावर पाच महिन्यांत विहीर आटली. पुढच्या जेठात परतलेल्या मेंढरांपैकी दोनशे पाण्यावाचून मेली. चौकशीत आप्पासो नावाच्या माणसानं जबानी दिली की ओव्हरसियर साहेबांनी विहीर मोजलीच नाही, घरी बसून आकडे भरले. बाबा निलंबित झाले. अठ्ठ्याऐंशीत गेले. शेवटची दोन वर्षं ते वाईत घराजवळच्या घाटावरसुद्धा जात नव्हते.

आप्पासो आज भेटला. साठी ओलांडलेला, गुडघे गेलेले, म्हणून आता तो वाडीतच असतो. बशीतून चहा दिला. मी प्यायले. नाव विचारलं, तर भार्गवी सांगितलं. आडनाव सांगितलं नाही.

सांगलीच्या ऑफिसात हे काम मी मागून घेतलं, हे सुमंत साहेबांना विचित्र वाटलं. बेटवाडी कुणी मागत नाही.

२० जानेवारी

विहीर मोजता आली नाही.

ती बाभळीच्या काट्यांनी झाकलेली आहे. फांद्या एकात एक अडकवून कंबरेएवढा झाप केलेला, वर दगड, दगडावर बिरोबाचा भंडारा. मी आप्पासोला झाप काढायला सांगितलं.

"आता न्हाई निघत, बाईसाहेब."

"का?"

"मेंढरं भाईर हाईत. ती गेली की इहीर झाकायची, आली की उघडायची. मधल्या दिसांत कुनी दोर टाकायचा न्हाई. ते बिरोबाचं पानी."

"मग बाया काय पितात?"

"तळ्याकडंचं झिरं. ते आटलं की टँकर. वरची इहीर जेठाची. जेठात माणूस आन् मेंढरू दोन्ही तान्हेलं येतं तवा तीच जगविती. जेठात या, म्या सोता टेप धरतो."

"कुणी उघडली तर?"

तो हसला. "कोन उघाडतंय. ज्या घरची बाई उघाडंल त्या घरचं मेंढरू माघारी येत न्हाई म्हंत्यात."

परत येताना काहिलीत हिशेब लागला, आणि तो मला आवडला नाही. विहीर दरवर्षी दिवाळीनंतर झाकतात. बाबांची मोजणी डिसेंबरातली. मग बाबांनी मोजलं कसं?

४ फेब्रुवारी

पंधरा दिवस ही गोष्ट डोक्यातून जात नाही. दोन शक्यता आहेत. एक, झाप ही प्रथा आप्पासोनं जबानी टिकवायला नंतर रचली. दोन, जबानी खरी आहे.

दुसरी शक्यता लिहिली, कारण लिहिली नाही तर ती जास्त त्रास देईल.

आज बाबांची मोजवही पुन्हा काढली. इंजिनानं पाणी दोन मीटर खाली ओढून मग दर दहा मिनिटांनी पातळी किती चढली ते लिहिलंय. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, एकसष्ट नोंदी. दहा तासांत १.४२ मीटर. विहिरीचा व्यास चार मीटर, म्हणजे सतरा हजार आठशे लिटर. वाडीची गरज दिवसाला दहा हजार चारशे. त्या आकड्यावर कुणीही योजना मंजूर केली असती.

घरी बसून भरलेले आकडे मी पाहिलेत, कॉलेजात आम्ही सगळेच भरायचो. ते गुळगुळीत उतरतात. बाबांचे गुळगुळीत नाहीत. अकरा वीसची नोंद आधीच्या नोंदीपेक्षा कमी आहे आणि शेजारी लिहिलंय: "टेप कडेला घासला, पुन्हा घेतली." खोटं लिहिणारा स्वतःची चूक लिहीत नाही.

साक्षीदाराचा रकाना मात्र गिरवून काळा केलेला. निबानं कागद फाटलाय. एरवी बाबा चुकीवर एकच सरळ रेघ मारत. चौकशीत याच डागावर बोट ठेवलं होतं, साक्षीदार कोण ते सांगा म्हणून. बाबा गप्प बसले. आई अजून म्हणते, तोंड उघडलं असतं तर नोकरी वाचली असती.

त्या डागाखाली आप्पासोचं नाव आहे. त्यानं सही केली, मेंढरं मेल्यावर फिरला, आणि भिडेपोटी बाबांकडून नाव खोडून घेतलं. बाबा तसेच होते. कुणीही येऊन काहीही करवून घ्यावं.

मी तशी नाही.

११ फेब्रुवारी

तलावाकडेचे झिरे, म्हणजे काठाला खणलेले पाझराचे खड्डे, मोजले. सात आहेत, त्यातले चार महिनाभर टिकतील. सोबतीला आप्पासोनं बायको दिली, हरणाबाई. बारीक, ताठ, अखंड बोलणारी. माझ्या बुटांवरून, केसांवरून, लग्नावरून सगळं विचारून झालं. मी हो-नाही एवढंच.

तिच्या उजव्या तळव्यात एक टणक गाठ आहे. हंडा उचलताना तेवढी जागा ती सोडून धरते. काय झालं विचारलं. "जुना काटा हाय. मोडून आतच ऱ्हायला. पाऊस येनार असला की ठणकतो, तेवढाच उपेग."

खोल झिऱ्यात टेप सोडण्याआधी मी टेपच्या खालच्या हातभर भागाला खडू चोळला. पाण्यात बुडतं तिथवर खडू काळवंडतो, म्हणजे पातळी मिलिमीटरपर्यंत वाचता येते. बाबांची पद्धत. आता ती कुणी वापरत नाही. बॅटरीचे मापक आलेत. मला हीच खात्रीची वाटते.

हरणाबाई बोलता बोलता थांबली. "टेपला खडू लावतीस?"

"हो."

"कुनी शिकीवलं?"

"घरी शिकले."

त्यानंतर ती परत येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला बरंच वाटलं.

कामाची एक गोष्ट. वाडीच्या दक्षिणेला तलावाच्या पोटात, जिथं पाणी उतरलंय, हातगिरमिटानं भोक पाडलं. सव्वादोन मीटर गाळ, खाली स्वच्छ जाड वाळू. तलाव होण्याआधीच्या ओढ्याचं पात्र. वाळूत पाणी चढलं आणि ते गोडं निघालं. हरणाबाईनं ओंजळीनं पिऊन पाहिलं आणि माझ्याकडे बघत राहिली. इथं काठाला विहीर बांधली तर वाळू गाळणीचं काम करील. जागा वहीत टिपली.

२ एप्रिल

झिरे आटले. टँकर गाळाच्या कडेला थांबतो, तिथून वाडी नऊशे मीटर. वाडीत पूर्वीच्या योजनेची तीन नळकोंडाळी उभी आहेत. एकाला शेळी बांधतात. दुसऱ्यावर कुणीतरी भोपळ्याचा वेल चढवला होता, तोही वाळला. ही बाबांची बांधकामं. कडा अजून ओळंब्यात आहेत, मी तपासल्या.

गेले दोन महिने हरणाबाई माझ्यापासून लांब राहायची. आज स्वतःहून ताक घेऊन आली. तलावाचं पाणी संपत आलंय आणि ही ताक देते.

"वडील काय करत्यात तुजं?"

"गेले."

"कवा?"

"अठ्ठ्याऐंशीला."

तिनं तांब्या खाली ठेवला. बराच वेळ तळव्यातली गाठ दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं दाबत बसली. मग म्हणाली, "ताक पी." उठून गेली.

खेड्यात मरणाची बातमी, कुणाचीही असो, अशीच घेतात असं दिसतं.

आप्पासोही रोज चहा पाठवतो. माणूस साधा वाटतो. जबानी देतानाही असाच साधा दिसला असेल.

२६ मे

मेंढरं यंदा पंधरा दिवस आधी परतली. परवा भंडारा उधळून विहीर उघडली. सहाशे मेंढरं आणि माणसं दोन दिवस तिच्यावर होती. बाया रांगेत, पोहरे एकामागून एक. पाणी तळाला गेलं.

आज मी मोजणी घेतली.

आणखी चार दिवस थांबले असते तर विहिरीनं थोडी उभारी धरली असती. हे मला कळत होतं. नियम म्हणतो, मोजणी उन्हाळ्यात घ्यावी. किती दिवस थांबावं, हे नियमात नाही.

दहा तासांत ०.१९ मीटर. दोन हजार चारशे लिटर.

टेपचं टोक आप्पासोनं धरलं, बोलल्याप्रमाणे. संध्याकाळी विचारलं, "किती भरलं, बाईसाहेब?" मी सांगितलं. त्यानं गायरानाच्या दिशेला बघितलं. इथून तिकडं एकही घर दिसत नाही, नुसता मुरूम चमकतो.

"थोडं हाय म्हना की. पर आता दमलीय इहीर. इसावा घेतल्यावर बगा."

"आकडा दमत नाही, आप्पा," मी म्हणाले.

हे वाक्य मी बरेच दिवस तयार ठेवलं होतं. चांगलं बसलं.

३० मे

अहवाल पूर्ण. साडेतीन पानं. स्रोत अपुरा, योजनेची दुरुस्ती निरर्थक, स्थलांतराचा विचार व्हावा. एकही वाक्य खोटं नाही.

वाळूच्या थराचा उल्लेख केलेला नाही. मला वरच्या विहिरीची चौकशी करायला सांगितली होती. तलावाचं पोट माझ्या कामाच्या कक्षेबाहेर.

बाबांविरुद्ध जबानी झाली ती खोट्या वाक्याची होती. मी खरीच वाक्यं वापरली. याला सूड म्हणता येणार नाही, कारण कुठेही बोट ठेवायला जागा नाही. मला समाधान वाटायला हवं होतं. नुसती थकले आहे.

४ जून

सकाळी हरणाबाई वडूजला खोलीवर आली. चालत. चौदा किलोमीटर. पाणी दिलं, एका दमात प्यायली आणि भिंतीला टेकून बसली.

परवा वाडीत सुमंत साहेब अहवाल वाचणार आहेत. ते, आणि अहवालात काय आहे नि काय नाही, हे तिला ऑफिसच्या शिपायाकडून कळलं होतं.

"तू चिंतामणराव ओव्हरशेराची," ती म्हणाली. विचारलं नाही.



"खडू बगितला तवाच म्हनलं. असा खडू त्येंनीच लावलेला. फू करून जादाचा उडवायचा, तूबी तशीच उडीवतीस."

"तुम्ही त्यांना कुठं पाहिलंत?"

मग तिनं सांगितलं. तिच्याच शब्दांत लिहिते.

"मार्गशीर्ष हुता. बापे समदे कोकनात. ओव्हरशेर इंजिन घिऊन आले काहिलीतनं. झाप बगून म्हनले, हे काडायला पायजे. बाया घरात शिरल्या. माजं लेकरू त्या सालीच तळ्याचं पानी पिऊन गेलं हुतं. तीन वर्साचं. त्ये म्हनले, ताई, मोजल्याबगार नळ येत न्हाई. मग म्याच काडला झाप. ह्या हातानं. दिसभर बसले हुते त्ये, धा धा मिनटाला टेप सोडायचे. शेवटाला म्हनले नाव सांगा, लिवतो. म्या सांगितलं."

साक्षीदाराचा रकाना.

"दुसऱ्या जेठात मेंढरं मेली. वाडी इचारत सुटली, इहीर कुनी दाखीवली, कुनी उघाडली. आमचं मालक गपगार. मला एकलीला इचारलं, म्या सांगितलं. दुसऱ्या दिशी त्येंनी जाऊन जबानी दिली, साहेबानं मोजलंच न्हाई म्हून. मोजलंच न्हाई तर उघाडली कुनी, ही बातच ऱ्हात न्हाई."

"आणि बाबा?"

"आलते की त्ये. चौकशीच्या आदी. मेंढरांची हाडं पडल्याली तळ्यात, तिथं हुबं ऱ्हायले. मग मला बगून वही काडली न् माज्यादेकत नाव गिरवून टाकलं. म्हनले, आता कुनाला दिसायचं न्हाई. बाकी काय बोलले न्हाईत."

मी वही आणली आणि तिच्यासमोर उघडली. तिला वाचता येत नाही. तिनं डाग बरोबर ओळखला.

मग ती कामाचं बोलली. "तुला आमचं मालक खोटं ठरायला पायजेत. मी परवा समद्यांफुडं सांगते, मोजलं हुतं म्हून. अंगठा दिते. पर तू खालच्या वाळूचं पानी लिव. त्या दिशी म्या प्यालेलं हाय त्ये. तू ते कागदात लपीवलंस."

"लपवलं नाही. कक्षेत नव्हतं."

"व्हय," ती म्हणाली. "आमच्या मालकांचंबी तसंच कायतरी हुतं."

मी कबूल झाले. सौदा माझ्या फायद्याचा आहे. सगळं मिळतंय.

बाबांना तोंड उघडता आलं असतं. नाव त्यांच्याकडे होतं. त्यांचं गप्प बसणं मी आतापर्यंत दुबळेपण समजत होते.

६ जून

बिरोबाच्या देवळापुढच्या लिंबाखाली वाडी जमली. सुमंत साहेबांनी अहवाल वाचला. "स्थलांतर" शब्दावर नुसत्या बायांच्या बांगड्या हलल्या.

हरणाबाई उठणार तेवढ्यात आप्पासो उठला. गुडघ्यामुळे त्याला वेळ लागतो, तरी तोच आधी उठला.

"एक सांगायचंय, साहेब. धा सालामागं म्या खोटं बोललो. ओव्हरशेरानं इहीर मोजल्याली. म्याच झाप काडून दिला. म्याच हुतो सोबत."

मग काठीवर रेलून बसलेला धुळा म्हणाला, "आवं आप्पा, त्या मार्गशीर्षात आपुन चिपळूणच्या खाली हुतो की. तुमाला ताप भरल्याला, म्याच पाठीवर घिऊन घाट उतरलो. अजून कंबार दुखती माजी."

दोघं-तिघं हसले. आप्पासो तसाच उभा.

"बसा खाली," हरणाबाई म्हणाली. "तुमाला खोटंबी नीट बोलता येत न्हाई." मग वाडीकडे वळून, "म्या काडला झाप. एकलीनं."

मी ज्या क्षणाची वाट पाहत होते तो हाच. कुणीतरी ओरडेल, थुंकेल, असं मला वाटलं होतं. मागं बसलेली भामाबाई, सत्तरीची, पदर तोंडाला लावून म्हणाली, "तिच्या हातातला काटा म्या काडला. निम्माच निघाला. मला ठावं न्हाई व्हय? आमा समद्या बायांस्नी ठावं हाय."

एक म्हातारा भामाबाईला म्हणाला, "तुजी चाळीस मेंढरं गेली त्या जेठात. तरी गप बसलीस?"

"पानी नळानं गेलं, बाबा. हिच्या हातानं न्हाई."

मी उठले. आवाज ताब्यात होता. "तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. एका माणसाची नोकरी गेली. चौकशीत एकीनंही का सांगितलं नाही?"

"आमाला इचारलं कुनी?" भामाबाई म्हणाली. "कागदाव अंगठं बाप्यांचं."

"त्या ओव्हरसियरची मी मुलगी."

कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. आप्पासो म्हणाला, "ठावं हाय. खडू बगितला त्याच दिशी हिनं सांगितलं."

म्हणजे फेब्रुवारीपासून. म्हणजे २६ मेला टेपचं टोक धरताना त्याला माहीत होतं कोण मोजतंय आणि कशासाठी. आणि रोजचा चहा.

त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं. पुढं काय करणार ते मला दिसलं, म्हणून आधीच म्हणाले, "पाया पडू नका. मला ते नको."

"मग काय पायजे?"

"चौदा डिसेंबरला विहीर उघडा. मी मोजणार. साक्षीदार तुम्ही. प्रत्येक नोंदीला सही."

"शिकीवल्याली येती मला सही," तो म्हणाला. "उशीर लागतो."

"मला घाई नाही."

७ जून, सांगली

सुमंत साहेब चिडलेत. अहवाल परत घेणारी मी ऑफिसातली पहिली. "आधी का नव्हतं यात?" त्यांनी वाळूच्या थरावर बोट ठेवलं. मी म्हणाले, राहून गेलं होतं. पाच महिन्यांतलं हे माझं पहिलं खोटं वाक्य, आणि तेही माझ्याच विरुद्ध.

नवीन पान: दक्षिण काठाला वाळूत विहीर, रोजचं पाणी त्यातून. वरची विहीर नळाला जोडायची नाही; दिवाळी ते जेठ झाकलेलीच राहील. बाबांची चूक मला आता मोजता येते. चारी बाजूंनी तलाव तुडुंब, वर महिनाभर दोर न पडलेली विहीर. बाबांनी विसावलेली विहीर मोजली आणि ती रोजची समजले. मी दमलेली मोजली. दोन्ही आकडे खरे होते, आणि दोन्हींवर वाडी मेली असती. फरक एवढाच की बाबांना माहीत नव्हतं.

१४ डिसेंबर १९९४, बेटवाडी

दक्षिणेची विहीर वाळूपर्यंत गेली होती; बांधकाम पाण्यामुळे थांबलंय, फाल्गुनात पुढं. आजची मोजणी त्या कामासाठी लागत नाही. सुमंत साहेबांना रजा म्हणून सांगितलं.

इंजिन दोन भागांत काहिलीतून नेलं. पायामुळे यंदाही मागं राहिलेल्या धुळानं प्रत्येक फेरीला बिरोबाचं नाव घेतलं आणि एकदा माझ्या आजोबांचा उद्धार केला, नाव माहीत नसताना. झाप हरणाबाईनं आणि भामाबाईनं काढला. दोघींनी हाताला गोणपाट गुंडाळलं होतं.

आठ वाजता पहिली नोंद. आप्पासो घोंगडीवर बसला. वही मांडीवर, जीभ दातांत. 'आप्पासो' एवढं लिहायला त्याला तीन मिनिटं लागतात. सात मिनिटं मोकळी, की पुन्हा टेप.

मी खडू लावत होते, सोडत होते, वाचत होते. तो लिहीत होता. ज्यानं सांगितलं की मोजलंच नाही, त्यानं एकसष्ट वेळा लिहून द्यायचं की मोजलं. मला एवढंच हवं होतं आणि मी ते एक सहीही कमी न करता घेतलं.

दुपारी चौतिसाव्या नोंदीला हरणाबाई म्हणाली, "आगं, बास की आता. बोटं वळंनात त्येंची."

"अजून सत्तावीस."

"लिवू दे गं," तो म्हणाला. "तिच्या बापानं दिसभर हितं ऊन खाल्लंय."

मी थांबवलं नाही.

सहाला शेवटची. दहा तासांत १.३८ मीटर. बाबांचा आकडा १.४२. अकरा वर्षांनी चार सेंटिमीटरचा फरक. विहिरीत तेवढा गाळ साठला असेल. बाबांनी मोजलं होतं, आणि नीट मोजलं होतं.

बाबांची वही हरणाबाईपुढं ठेवली. डागाशेजारी जागा आहे. नाव पुन्हा लिहू का, विचारलं. तिनं मान हलवली. "नगं. त्येंनी खोडलंय त्ये."

मला वाटलं होतं एकसष्टाव्या सहीला काहीतरी होईल. काही झालं नाही. पाणी चढत होतं, काहिलीत धुळा वाट बघत होता. सामान आवरताना घड्याळात सहा दहा झाले आणि हातानं सवयीनं टेपला खडू लावला, सोडला, वर ओढला. आकडा मी मोठ्यानं वाचला.

आप्पासोनं न विचारता वही पुढं ओढली आणि सही केली.

बासष्टावी नोंद मोजणीत धरलेली नाही.